जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि माफक खर्चात सुधारलेला आवाज

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. सुरक्षेतील छिद्रे बुजवणारी अद्यतने आपोआप येणे मात्र थांबले आणि छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थी, वकील, वाळूजचे लघुउद्योजक, घरगुती शिकवण्या घेणारे शिक्षक अशा अनेकांसमोर एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. सात-आठ वर्षे वापरलेला, कळफलकावरची अक्षरे पुसट झालेला, पण पडदा आणि बिजागरी शाबूत असलेला लॅपटॉप मोडीत द्यावा, की त्यात नवी प्रणाली टाकून तो आणखी काही वर्षे चालवावा?

अशा लॅपटॉपबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, तो मंद झाला आहे. दुसरी, त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. दोन्हींवरचा इलाज बहुतेक वेळा नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा भागात होतो. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढू लागले, हेही जुने यंत्र टिकवण्याचे एक व्यवहारी कारण आहे. मात्र या कामात क्रम चुकला तर जे जाते ते बाजारात विकत मिळत नाही. शोधनिबंधाची प्रकरणे, दुकानाचा हिशेब, दिवंगत आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज यांना बदली भाग नसतो.

आधी जतन, मग पुसणे

‘फॉरमॅट मारून द्या’ हा शब्दप्रयोग दुरुस्तीच्या दुकानांत इतका रुळला आहे, की त्यात ‘सारे पुसून टाका’ ही सूचना दडलेली आहे याचे भान राहत नाही. आपल्याकडे डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडण्याची पद्धत आहे आणि ‘डी ड्राइव्हला हात लागत नाही’ असा एक विश्वासही आहे. हा विश्वास अर्धाच खरा. नवी प्रणाली टाकताना फक्त सी भाग पुसला तर डी खरोखरच वाचतो. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर मुळात सी भागावरच असतात, आणि बहुतेकांचे जग नेमके तेथेच साठलेले असते. शिवाय पुसण्याच्या पडद्यावर भागांची नावे सी, डी अशी न दिसता ‘पार्टिशन १, २, ३’ अशी दिसतात. घाईत बोट चुकायला एवढे पुरेसे आहे.

म्हणून बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण प्रत काढावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समाधान असते. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी कार्यक्रमाच्या आतूनच बॅकअप घ्यावा आणि डेटाचे फोल्डर नेमके कोठे आहे, तेही लिहून ठेवावे. ते नेहमीच्या डॉक्युमेंट्समध्ये असेलच असे नाही. वस्तू आणि सेवा कराच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांना टोकन हातात असले तरी त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. कराची विवरणे भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी याहून मोठा धोका आहे तो फॉन्टचा, आणि दुकानदार त्याबद्दल सहसा विचारत नाही. युनिकोड या जागतिक सांकेतिक व्यवस्थेत देवनागरीला १९९१ साली स्थान मिळाले आणि ‘विंडोज २०००’मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी मुद्रण आणि टंकलेखन चालले ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’वर, सी-डॅकच्या ‘आयएसएम’वर किंवा ‘कृतिदेव’सारख्या फॉन्टवर. या पद्धतीत संगणकाच्या लेखी ‘क’ हे अक्षर नसतेच. तो साठवतो एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, आणि मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात किंवा जिल्हा न्यायालयात काम करणारे वकील, त्यांची कागदपत्रे टंकलिखित करणारे, लग्नपत्रिका छापणारे छोटे मुद्रक यांच्याकडे अशा फायलींचे साठे आहेत. मजकूर नष्ट झालेला नसतो, फक्त वाचता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी तारीख असलेल्याला या भेदाने काय दिलासा मिळणार? त्यामुळे विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर जतनाच्या यादीत सर्वांत वर असावे. श्रीलिपीसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना, त्याची सीडी किंवा संगणकाला लावायचे कुलूप म्हणजे डोंगल कपाटात आहे ना, याचीही खात्री करावी. जमल्यास याच निमित्ताने महत्त्वाच्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरक उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात. न्यायालयीन कागद तरी रूपांतरानंतर माणसाने डोळ्यांखालून घातलाच पाहिजे.

नव्या लॅपटॉपबाबत आणखी एक सावधगिरी. ‘विंडोज ११’च्या अलीकडच्या आवृत्त्या अनेक यंत्रांवर डिस्क कूटबद्ध करून ठेवतात आणि वापरणाऱ्याला ते ठाऊकही नसते. अशा डिस्कची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप उघडण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी. ती नसेल तर सर्वांत निष्णात कारागीरही हात टेकतो.

कोणती प्रणाली, कोणता परवाना

‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी आहेत. खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे, म्हणजे साधारण २०१७पूर्वीचे, जवळजवळ सारे प्रोसेसर अधिकृत यादीबाहेर आहेत. अटी चुकवून प्रणाली टाकण्याच्या क्लृप्त्या उपलब्ध आहेत आणि त्या चालतातही. परंतु अशा यंत्रांना अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप करायचा, तीच मग बेभरवशाची ठरते. ‘विंडोज १०’वर राहू इच्छिणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सुरक्षा अद्यतनांची योजना जाहीर केली. ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे.

परवान्याबाबत शहरात मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी पैसे विनाकारण खर्च होतात. २०१२मध्ये ‘विंडोज ८’ आल्यापासून, कारखान्यातूनच विंडोज घालून विकल्या गेलेल्या लॅपटॉपची परवाना-किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येच नोंदलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडले की प्रणाली स्वतःहून वैध होते. ‘विंडोज टाकून देण्या’च्या रकमेत परवान्याचे वेगळे पैसे कोणी मागितले, तर प्रथम लॅपटॉपचा इतिहास तपासावा. त्याआधीच्या यंत्रांवर तळाशी किल्लीचे चिकटपत्र असे. घामाने आणि घासून ते पुसट होत असल्याने त्याचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे. दुकानात पेन ड्राइव्हवरून टाकली जाणारी, आधीच ‘अ‍ॅक्टिव्हेट’ केलेली प्रत स्वस्त वाटते. ती कोणी आणि कशी बदलली आहे हे दुकानदारालाही माहीत नसते, आणि त्याच यंत्रावरून नंतर बँकेचे व्यवहार केले जातात.

विंडोजच्या अटींत न बसणाऱ्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा मार्ग उरतो, आणि तो आता पूर्वीइतका काटेरी नाही. ‘लिनक्स मिंट’ २ जीबी रॅमवर सुरू होते. ४ जीबीवर सुखाने चालते. तिचा मोठा गुण असा, की ती डिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वाय-फाय, कॅमेरा, माइक आणि विशेषतः आवाज हे सारे त्या अर्ध्या तासात तपासावे आणि मगच निर्णय घ्यावा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक तीत आहेच. टॅली आणि श्रीलिपी मात्र विंडोजच्या आहेत. पोट ज्यांवर चालते ती सॉफ्टवेअरे नव्या प्रणालीत चालतात का, हा प्रश्न तत्त्वनिष्ठेच्या आधी यावा. शिकण्याची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. शहरापुरते बोलायचे तर विद्यापीठाच्या परिसरात, पूर्वी ‘सेडटी’ या नावाने ओळखली जाणारी नाइलिट ही केंद्रीय संस्था संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देते आहे.

प्रत्यक्ष टाकण्याचे काम फारसे अवघड नाही. प्रणालीची फाइल मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावी आणि किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. ती चढवताना पेन ड्राइव्ह पुसला जातो. लॅपटॉप सुरू होताच डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडावा लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोजला डिस्कच दिसत नाही. अशा वेळी डिस्क बिघडलेली नसते. साठवणीचा इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर देऊन पुढे जावे लागते. प्रणाली बसल्यावर वाय-फाय चालत नसेल तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून ‘टेदरिंग’ सुरू करावे. पुढची वाट तेथून मोकळी होते. वीज केव्हाही जाऊ शकते असे गृहीत धरून बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. आणि लॅपटॉपमध्ये अजूनही फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याशिवाय नवी प्रणाली टाकण्यात अर्थ नाही. मंदपणाचे मूळ बहुधा त्या फिरत्या तबकडीत असते.

आवाज कोठे बिघडतो?

नवी प्रणाली टाकल्यावर पुष्कळांना पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. तो येतच नाही, किंवा येतो पण पूर्वीपेक्षा चिरका. येथे स्पीकर बिघडलेला नसतो. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्राचा भाग यांच्यातील दुभाषा. विंडोज स्वतःचा सर्वसाधारण दुभाषा नेमते आणि काम चालवते. लॅपटॉपच्या निर्मात्याने मात्र त्या विशिष्ट, चिमुकल्या स्पीकरांच्या उणिवा झाकण्यासाठी ध्वनीची खास जुळवणी केलेली असते आणि ती त्याच्याच ड्रायव्हरमध्ये असते. म्हणून मॉडेल क्रमांक घालून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ध्वनीचा ड्रायव्हर घेणे, ही पहिली आणि फुकटची सुधारणा. लिनक्सवर ही जुळवणी नसल्याने आवाज अनेकदा पातळ वाटतो. तेथे ‘इझीइफेक्ट्स’सारख्या साधनाने ती हाताने करता येते.

पुढचा खर्च करण्याआधी दोष कोठे आहे ते शोधावे. त्यासाठी एक साधा इयरफोन पुरतो. ओळखीचे एकच गाणे लॅपटॉपच्या स्पीकरवर आणि मग त्याच्याच इयरफोनच्या छिद्रातून ऐकावे. इयरफोनवर आवाज स्वच्छ असेल, तर आतली ध्वनी-चिप ठीक आहे; उणीव स्पीकरची. बहुतेक लॅपटॉपांत हेच आढळते, आणि त्यात आश्चर्य नाही. बोटाच्या पेराएवढा पडदा खालच्या पट्टीतील हवा हलवूच शकत नाही. लॅपटॉपवर तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा येत नाही. तानपुऱ्याच्या खर्जाची जागा कान स्वतःच वरच्या स्वरांवरून अंदाजाने भरून काढतो, म्हणूनच असे ऐकणे तासाभरात थकवते. स्पर्धा परीक्षांची व्याख्याने दिवसाचे सहा-सहा तास ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा चैनीचा मुद्दा राहत नाही.

इयरफोनवरही खरखर किंवा गुणगुण असेल तर चार्जर काढून ऐकावे. बॅटरीवर आवाज स्वच्छ झाला की दोष विजेच्या जोडणीकडे जातो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत घालणे, भिंतीत अर्थिंगची तार नसणे, ही नेहमीची कारणे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात त्यात आणखी एकाची भर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो आणि नावापुरते अर्थिंग उरते. त्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालायचे असते, हे जुन्या घरांतील वायरमनला सांगावे लागत नसे. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येणे हीही कधीकधी याचीच खूण असते आणि तेव्हा प्रश्न केवळ संगीताचा नसतो.

इयरफोनचे छिद्रच ढिले झाले असेल किंवा आतली चिप सदोष असेल, तर काही शे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड हा सोपा पर्याय आहे. हे प्रमाणित पद्धतीने चालत असल्याने त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर आणि लिनक्सवर ते सारखेच चालते. एकेकाळी संगणकाला आवाज देण्यासाठी सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीचे, १९८९मध्ये आलेले ‘साउंड ब्लास्टर’सारखे मोठे कार्ड बसवावे लागे. आज ते काम नखाएवढी चिप करते. वेष्टनावर ‘७.१’ छापलेले स्वस्त कार्ड मात्र प्रत्यक्षात डावा आणि उजवा असे दोनच आवाज बाहेर देते. त्या छापील आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. सीडीचा दर्जा म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. घरातील ऐकण्याला तो पुरेसा आहे, आणि इंटरनेटवरचे संगीत बहुतेकदा त्याहूनही आवळलेले असते.

पैसे खर्च करायचे ते स्पीकरवर. येथे ग्राहकाला चकवणारे अक्षरसमूह म्हणजे ‘पीएमपीओ’. खोक्यावर हजारो वॅट लिहिलेले असतात. मोजायचा असतो तो ‘आरएमएस’ वॅटचा आकडा, आणि तो अनेकदा दोन अंकी निघतो. घाबरण्याचे कारण नाही. वॅट दुप्पट झाल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने चढतो, जो कानाला जेमतेम जाणवतो. अभ्यासाच्या टेबलासाठी दोन बऱ्या आकाराचे लाकडी पेटीचे स्पीकर हे धडधडणाऱ्या वूफरच्या संचापेक्षा अधिक उपयोगी, कारण बोललेला शब्द त्यांत स्पष्ट येतो.

ब्लूटूथ सोयीचे आहे; पण ऑनलाइन वर्गात किंवा दूरदृश्य सुनावणीत एक कोडे पडते. गाणे उत्तम वाजवणारा हेडफोन माइक सुरू होताच दूरध्वनीसारखा का होतो? ब्लूटूथच्या रूढ पद्धतीत ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी करताना ध्वनीचा दर्जा खाली आणला जातो, एवढेच त्याचे कारण. अशा वेळी तारेचा हेडफोन घ्यावा, किंवा ब्लूटूथवर ऐकून माइक लॅपटॉपचाच निवडावा. हेडफोनचा आवाज किती ठेवावा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: प्रौढांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तासांपर्यंत.

खोलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती आणि उघडी खिडकी असलेल्या खोलीत महागडे स्पीकरही घुमतात. जमिनीवर सतरंजी, भिंतीला पुस्तकांचे कपाट, खिडकीला जाड पडदा आणि कोपऱ्यापासून दूर, कानाच्या उंचीवर ठेवलेले स्पीकर यांनी जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या खरेदीने पडत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधला की गाणारा नेमका मधोमध उभा राहतो.

जुन्या बाजारातून ॲम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर घेणेही शहाणपणाचे ठरू शकते. चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना वर्षानुवर्षे चाललेल्या या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे हात नवीन नाहीत. लॅपटॉपच्या इयरफोनच्या छिद्रातून आरसीए पिनांची वायर अशा ॲम्प्लिफायरला थेट जोडता येते. खरेदीपूर्वी स्पीकरची जाळी काढून शंकूभोवतीची कडा बोटाने अलगद दाबून पाहावी. फोमची कडा वर्षानुवर्षांच्या उष्म्याने कुजते आणि हाताला भुगा लागतो. शंकू आणि त्यामागील गुंडाळी शाबूत असेल, तर कडा बदलून मिळते आणि तो खर्च आधीच किमतीतून वजा करून मागता येतो. शंकू आत-बाहेर हलवताना खरवडल्याचा आवाज आला, तर मात्र तो जोड विकणाऱ्याकडेच राहू द्यावा.